बाबांच्या रिपोर्टविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दादाने पाठवलेला रिपोर्ट मी नीट वाचला. आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बाबांच्या रक्तातील सीईए (कर्करोगात वाढू शकणारे एक प्रथिन) पाचाच्या थोडा वर गेल्याने घरी सगळे धास्तावले आहेत आणि इम्युनोथेरपीच्या इंजेक्शनांसाठी निपाणी रस्त्याकडची जमीन विकण्याची बोलणी चालू आहेत, असे कळले. ती बोलणी कृपया तूर्त थांबवावीत.

सीईए हे प्रतिजन (शरीराची प्रतिकारशक्ती ओळखू शकते असा पदार्थ) गोल्ड आणि फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये आतड्याच्या कर्करोगात शोधले खरे, परंतु ते निरोगी आतड्यातही अल्प प्रमाणात असते आणि विडी ओढणाऱ्यांच्या रक्तात वाढलेले आढळते. बाबा, तुमची विडी अजून सुटलेली नाही, याची मला फार काळजी वाटते. त्या एका आकड्यावरून आजार उलटला असे ठरत नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी पुन्हा करावी, आणि आकडा चढतच राहिला तर सीटी स्कॅन टाळू नये.

इंजेक्शनांचे गणित वेगळे आहे. कर्करोगाच्या पेशीतील डीएनए बदलला की काही प्रथिने बदलतात, त्यांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर येतात, आणि निरोगी पेशींवर नसलेली ही प्रतिजने आपल्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, परकी म्हणून ओळखू शकतात. ज्या गाठीत डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणाच बिघडलेली असते, तिच्यात असे बदल भरमसाट साचतात. तेथे टी-पेशींना आवरून धरणाऱ्या पीडी-१ या प्रथिनाचा अटकाव दूर करणारे पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध पुष्कळदा चांगले काम करते. पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात मात्र हा दोष शंभरात सुमारे पाच जणांतच सापडतो. उरलेल्यांना हे औषध एकटे दिल्यास क्वचितच लागू पडते.

आत्याला ऐन चाळिशीत गर्भाशयाचा कर्करोग झाला होता, हे आठवल्यापासून मला बाबांची एमएमआर तपासणी, म्हणजे डीएनए दुरुस्त करणारी ती यंत्रणा शाबूत आहे का याची तपासणी, अत्यावश्यक वाटते, कारण तिच्यातील दोष काही घराण्यांत वारशाने येतो आणि आतडे व गर्भाशय दोन्हींना बाधतो. तसे निघाले तर दादाची आणि माझीही तपासणी करावी लागेल. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा, मेणात बसवलेला ब्लॉक बेळगावच्या लॅबमध्ये जपलेला असेल. त्याचे अतिशय पातळ काप घेऊन या यंत्रणेची चार प्रथिने तपासतात. प्रथिन शाबूत असेल तर गाठीच्या पेशींची केंद्रके तपकिरी दिसतात, नसेल तर ती निळसरच राहतात. असे काप मी कामावर रोज पाहते. याचा खर्च एका इंजेक्शनच्या मानाने फारच थोडा आहे.

दादाने रिपोर्टवरचा ब्लॉक क्रमांक घालून अर्ज द्यावा. कन्नडमध्ये मागितला तर शेजारच्या गुरुजींकडून लिहून घ्यावा. मी शनिवारी येते, तेव्हा डॉक्टरांना आपण सगळे मिळूनच भेटू.

आपली,
सुजाता