कातणाऱ्या बाईसाठी फॉर्ममध्ये एक रकाना द्या – वस्त्रोद्योग मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय वस्त्रोद्योग मंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी माणदेशातली. आमच्या घरात घोंगडी विणतात. मामा म्हणजे माझे सासरे मागावर बसतात, आत्या म्हणजे सासूबाई रहाटावर लोकर कातात, आणि मी ग्रॅज्युएट झालेली सून म्हणून गटाचा हिशेब, फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरी, सरकारी फॉर्म हे सगळं माझ्याकडं आलंय. गट म्हणजे काही मोठी संस्था नाही साहेब, सनगरांची म्हणजे पिढीजात घोंगडी विणणाऱ्यांची चार घरं आणि धनगरवाड्यावरच्या बाया मिळून आम्ही एकत्र काम करतो, बाजाराच्या आदल्या दिवशी समाजमंदिराच्या ओट्यावर बसतो, हप्त्याभरात कुणी किती सूत कातलं ते वजन करून वहीत लिहितो आणि तिथंच पैसे देतो. एवढाच आमचा व्याप.

पत्र लिहायचं कारण तुमच्याच धोरणातून निघालंय. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवत काठी आणि खण यांच्या जोडीला घोंगडीचं नाव आलं तेव्हा खरं सांगते, आमच्या ओट्यावर पेढे वाटले होते. पैठणीच्या ओळीत घोंगडं बसलं ही आमच्यासाठी लहान गोष्ट नव्हती. मग गणपतीच्या उत्सव भत्त्याचं कळलं, नोंदणी झालेल्या विणकर पुरुषाला १० हजार आणि बाईला १५ हजार, ते ऐकून तर मी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांची आधार कार्ड गोळा करायला लागले.

ऑफिसात गेल्यावर टेबलावरच्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, माग कुठाय? मी म्हटलं मामांचा माग आहे, या बाकीच्या बाया कातणाऱ्या आहेत. ते म्हणाले कातणाऱ्या म्हणजे विणकर नव्हेत, मागावर बसलेला फोटो पायजे. माणूस काही वाईट नव्हता, उलट मदत करावी म्हणून त्यांनीच सुचवलं की तुमच्या सासूबाईंना दोन मिनिटं मागावर बसवा, धोटा हातात द्या, फोटो काढा आणि टाका फॉर्ममध्ये, कोण बघतंय. मी घरी येऊन आत्यांना सांगितलं. आत्या पेळू म्हणजे कातायच्या लोकरीच्या वळ्या करत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "मी विणलेलं नाय, मग मी का बसू तिथं? माझा रहाटावरचा फोटो चालत नसंल तर ऱ्हाऊ दे." त्यावर मला पुढं बोलताच आलं नाही. फॉर्म तसाच दप्तरात पडलाय.

साहेब, विणकराच्या हातात सूत आयतं येत नाही. पैठणीचं रेशीम बाजारातून घेता येतं, घोंगड्याचं सूत कुठल्याच दुकानात मिळत नाही. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, आखूड धाग्याची, त्यात केसही मिसळलेले, ती हातानेच कातावी लागते. मेंढ्या वर्षातून दोनदा कातरतात आणि ती लोकर पोत्यातून आमच्याकडं येते, मातीने भरलेली, कुसळं आणि गोखरू अडकलेली. आधी काळी, पांढरी, करडी अशी वेगळी करायची कारण घोंगड्याला रंग देत नाहीत, मेंढीच्या अंगावरचाच रंग. मग कुसळं वेचायची, आणि या कामाला आमच्याकडं कुठलंच मशीन नाही, बाईची नखं आणि डोळे एवढंच. मग पिंजायची. पिंजताना इतकी धूळ उडते की पदर बांधूनसुद्धा रात्री खोकला थांबत नाही. मग पेळू, मग रहाट. उजव्या हाताने चाक फिरवायचं आणि डाव्या हातातला पेळू मागं ओढत न्यायचा, हात खांद्याच्या मागं गेला की सूत चातीवर म्हणजे रहाटाच्या फिरत्या सळईवर गुंडाळून घ्यायचं, परत ओढायचं. आत्यांच्या डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट लोकरीच्या तेलानं कायम गुळगुळीत असतं, त्या बोटांना सूत जाड पडतंय की बारीक हे डोळ्यांच्या आधी कळतं. घरचं सगळं आवरून एका घोंगड्याचं सूत कातायला आठवडा तर सहज जातो. मामांचं विणणं त्यापेक्षा लवकर उरकतं, आणि हे मामा स्वतः सांगतात.

विणायच्या आधी ताण्याला म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजायचे, फोडायचे, भिजवून वाटायचे, शिजवायचे, मग अंगणात ताणा ताणून कुंच्याने खळ चोपडायची. हेही घरातल्या बायाच करतात. म्हणजे दहा हाती घोंगडं पुरं होईपर्यंत त्याला जेवढे हात लागतात त्यातले निम्म्याहून जास्त बायांचे असतात आणि कागदावर नाव एकट्या मागावर बसणाऱ्याचं येतं.

हे नियमात बसतच नाही असंही नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं. केंद्राची चौथी हातमाग गणना २०१९-२० ची आहे, त्यात देशभरातले ३५ लाखांवर हातमाग कामगार धरलेत, त्यातले २६.७३ लाख विणकर आणि ८.४८ लाख विणण्याआधीची आणि नंतरची कामं करणारे संलग्न कामगार. म्हणजे दिल्लीला माहितीये की मागाच्या अलीकडं पलीकडं पण माणसं असतात. खादीचं बघा, खादी आयोगाच्या १९५६ च्या कायद्यात खादी म्हणजे हाताने कातलेल्या सुती, रेशमी किंवा लोकरीच्या सुताचं हातमागावर विणलेलं कापड असं स्पष्ट लिहिलंय, त्या व्याख्येत आमचं घोंगडं अगदी चपखल बसतं. आणि खादीत कातणाऱ्या बाईला गुंडीमागे म्हणजे सुताच्या लडीमागे मजुरी ठरवून दिलेली असते, तिचं काम मोजलं जातं. आमची बाई तेच काम करते, तोच रहाट, फक्त कापसाच्या जागी लोकर, पण खादीवाल्यांकडं गेलो तर म्हणतात तुम्ही हातमागवाले, हातमागवाल्यांकडं गेलो तर म्हणतात माग दाखवा, आणि लोकरीचा विषय काढला की म्हणतात मेंढी पशुसंवर्धनकडं येते. तीन खात्यांच्या मधे आमचं खरोखरचं भिजत घोंगडं झालंय. भिजलेलं घोंगडं किती जड होतं ते आम्हाला माहितीये, एकट्या बाईला उचलत नाही ते.

आता लोकरीचं पण सांगते, कारण तिकडं लक्ष दिलं नाही तर पुढं कातायला काही उरणारच नाही. धनगर आता दख्खनी मेंढी कमी करून मडग्याळ मेंढ्यांकडं वळलेत, तिला मटणाचा भाव चांगला येतो, अंगावर लोकर मात्र नावालाच. त्यांना दोष कसा द्यायचा, कातरायची मजुरी लोकरीच्या पैशातून निघत नाही म्हटल्यावर लोकर रानात टाकून दिलेली मी डोळ्यानं बघितलीये. आमचा गट वाड्यावर जाऊन कातरणीच्या दिवशीच लोकर उचलतो, रोख पैसे देतो, आणि कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ, ती वेगळी ठेवायला सांगतो आणि तिला जास्त भाव देतो. जावळाचं घोंगडं हाताला एवढं मऊ लागतं की शहरातली माणसं दोनदोनदा विचारतात, हे खरंच दख्खनी आहे का. पण आमची ऐपत किती, चार-पाच वाडे. बाकीची लोकर जाते ती जातेच. शेळी-मेंढी महामंडळ आणि तुमचं खातं यांनी मिळून कातरणीच्या हंगामात तालुक्याला एक लोकर खरेदी केंद्र जरी उघडलं तरी धनगराला दख्खनी मेंढी ठेवायला कारण मिळेल. पिंजायचं एक छोटं मशीन आणि धूळ ओढणारा पंखा गटाला मिळाला तर बायांची छाती वाचेल, कातण्याचं काम हातानेच राहू द्या, ते आमचं आम्ही करतो.

आणि बाजार. यात्रेत स्टॉलवर "अस्सल घोंगडी" असा बोर्ड लावून मशीनवर विणलेली ब्लँकेटं विकतात, काळी पट्टी टाकलेली, लांबून बघितलं तर कुणालाही फरक कळणार नाही. गेल्या यात्रेत आमच्या गटातल्या एका आजींनी त्यातलंच एक विकत घेतलं, काठाचा एक धागा काढला आणि सगळ्यांसमोर काडी लावली. तो वितळला आणि त्याचा कडक मणी झाला. मग स्वतःच्या खांद्यावरच्या घोंगड्याचा धागा जाळला, तो केस जळल्यासारखा वास मारत जळाला आणि चिमटीत धरला तर राख झाली. गिऱ्हाईक बघत होतं, त्यातल्या दोघांनी आमच्याकडून घोंगडं घेतलं. पण प्रत्येक यात्रेत आजींनी काडेपेटी घेऊन फिरायचं का? हातमाग आरक्षणाचा १९८५ चा कायदा आहे, हातमागासाठी राखीव असलेल्या ११ प्रकारांत कांबळ आहे, मग यंत्रमागावरचं कांबळ घोंगडी म्हणून राजरोस विकलं जातं तेव्हा तपासायला कोण येतं? आमच्याकडं तरी आजवर कुणी आलेलं मी बघितलं नाही.

मी काही सगळंच एकदम मागत नाहीये. लोकर केंद्राला वेळ लागेल हे कळतं, तपासणीला माणसं कमी असतील हेही कळतं. पण नोंदणीच्या फॉर्ममध्ये कातणारी, पिंजणारी, खळ लावणारी यांच्यासाठी एक रकाना घालायला बजेट लागत नाही. ओळखपत्रावर "लोकर कातणारी" असं लिहिलं तर बिघडतं कुठं? उत्सव भत्त्याच्या नियमात विणकर शब्दाच्या शेजारी हे दोन शब्द आले तर आमच्या गटातल्या कातणाऱ्या बाया पहिल्यांदा सरकारच्या यादीत येतील. त्यातल्या दोघी विधवा आहेत, एकीचं वय सत्तरच्या पुढं आहे आणि तिचं सूत अजून आमच्याकडं सगळ्यात एकसारखं असतं.

औंदा दोन कॉलेजच्या पोरी कातायला शिकतायत. एकीने मला विचारलं, वहिनी, हे शिकून मी कागदावर कोण होणार? मी तिला सांगितलं की मी मंत्र्यांना पत्र लिहिते आणि उत्तर आलं की सांगते.

तुमच्या खात्यातलं कुणी आलं तर फार बरं होईल, बाजाराच्या आदल्या दिवशी या, सूत मोजायचं काम चालू असतं, सगळ्या बाया एका जागी भेटतील. आत्यांचा रहाटावरचा फोटो मी काढून ठेवलाय, चांगला आलाय, चाती आणि हात दोन्ही नीट दिसतात. फॉर्ममध्ये जागा झाली की लावते.

आपली,
घोंगडी गटाचा हिशेब बघणारी एक सून, माणदेश