हत्यारांची जागा

कोल्हापूर

चि. बाळ, अनेक उत्तम आशीर्वाद.

पुण्याच्या घरातली मागची खोली हत्यारांसाठी मिळाली, हे वाचून फार आनंद झाला. कपाट आधी घ्यावे की फळ्या, असे तू विचारले आहेस. माझे मत असे की महिनाभर दोन्ही घेऊ नयेस. काम करताना हात कोणत्या हत्याराकडे वारंवार जातो हे तेवढ्यात कळेल, आणि मग तीच हत्यारे काम पकडून ठेवणाऱ्या व्हाइसजवळ, हात लांबवताच मिळतील अशी लाव.

शिवाजी उद्यमनगरात मी नवखा होतो तेव्हा सगळी ड्रिल एकाच डब्यात टाकीत असे. एकदा एम 8 च्या, म्हणजे 8 मिलिमीटर जाडीच्या बोल्टच्या, आट्यांसाठी 6.8 मिलिमीटरचे ड्रिल हवे असताना घाईत 6.5 चे हाती आले, भोक अरुंद पडले आणि आटे पाडायचा टॅप आतच तुटला. टॅपचे पोलाद इतके कठीण की साधे ड्रिल त्याला चालत नाही. दोन दिवस घासलेले बिडाचे झाकण भंगारात गेले. तीन दशांश मिलिमीटरचा फरक डोळ्यांना जाणवत नाही. म्हणून लाकडी ठोकळ्यात मापवार भोके पाड, प्रत्येकाखाली आकडा लिही आणि ड्रिलशेजारीच त्याच्या जोडीचा टॅप ठेव: 5 शेजारी एम 6, 8.5 शेजारी एम 10.

पान्यांच्या फळीवर प्रत्येकाची आकृती रंगाने काढ, म्हणजे 12-13 चा पाना कुठे राहिला असेल तर रात्री दिवा मालवतानाच कळेल. कानशी एकावर एक टाकू नकोस, दातांवर दात घासून बोथट होतात. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून ठेवणे तर धोक्याचेच आहे. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेटूही शकतात, तेव्हा ती मोकळ्या जागी पसरून वाळव.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी घरात शिरले, तेव्हा तुझ्या आजोबांचा रंधा सर्वांत खालच्या खणात होता. तेव्हापासून जमिनीलगत मी काही ठेवत नाही. तुझ्याकडे पूर येणार नाही, पण पावसाळ्यातली दमट हवा येईलच; मापे घ्यायचा व्हर्निअर वापरल्यावर पुसून, तेलाचा हात देऊन पेटीत ठेव, कारण घामेजल्या बोटांचे ठसेसुद्धा गंज होऊन उमटतात.

तो रंधा मी घासून, पाते लावून ठेवला आहे. न्यायला येशील तेव्हा त्याची जागा ठरवून ये.

तुझे,
आप्पा