पांढरे ठिपके म्हणजे बुरशी नव्हे

संपादक साहेब,

घरच्या टँकमधल्या माशाच्या अंगावर रव्यासारखे पांढरे दाणे दिसले की दुकानदार बुरशी म्हणतो आणि निळ्या औषधाची बाटली हातात ठेवतो. अहो ती बुरशी नसते, इक नावाचा परजीवी असतो, आणि औषध लागू पडतं ते तो पाण्यात सुटा पोहत असतानाच, कातडीत दडलेल्याला काही होत नाही. म्हणून ठिपके गेले तरी औषध लगेच बंद करायचं नाही, हीटरने पाणी हळूहळू 28-30 डिग्रीपर्यंत न्यायचं म्हणजे त्याचं चक्र लवकर फिरतं, एअर पंप चालू ठेवायचा कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, आणि फिल्टरमधला कार्बन काढायचा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो. आमची मॉली जातीची मासोळी आधी नुसती दगडाला अंग घासत होती, ठिपके नंतर आले.

एक विनंती, दुकानात सगळ्या टँकमध्ये एकच जाळी फिरते ती तरी थांबवा हो, आणि सुट्ट्या बाटलीवर औषधाचं नाव लिहा!

एक वाचक, डोंबिवली