मित्रास पत्र: ट्रॅकवरच्या गाडीचे इंजिन ऑइल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझी होंडा सिटी व्हीटेक ट्रॅकसाठी तयार होत आहे हे वाचून मनापासून आनंद झाला. ब्रेक पॅड, टायर आणि सस्पेन्शन यांविषयी तू पानभर लिहिलेस. इंजिन ऑइलचा विषय मात्र ‘सगळ्यात महागडे सिंथेटिक टाकणार आहे’ एवढ्या एका वाक्यात संपवलास. मला ते पटले नाही, म्हणून हे पत्र. तेल किमतीवरून ठरवू नये. ते तुझ्या इंजिनात किती तापते आणि त्या तापमानाला त्याचा दाटपणा किती टिकतो, यावरून ठरवावे.

पुण्याच्या रस्त्यांवर चेंबरमधले (इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या भांड्यातले) तेल साधारण ९० ते १०० अंशांपर्यंत जाते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ३.७ किलोमीटरची एकेक लॅप पूर्ण थ्रॉटलवर मारत गेलास, की तेच तेल १२० ते १३० अंशांवर जाईल आणि ऑइल कूलर नसेल तर त्याहूनही वर. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, बेअरिंगला टेकत नाही. तेलाच्या काही मायक्रॉन जाडीच्या थरावर तो तरंगत असतो आणि तेल पातळ झाले की तो थर विरतो. डब्यावरचा ३० किंवा ४० हा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो: ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (हे दाटपणाचे एकक), ४० म्हणजे १२.५ ते १६.३. बेअरिंगच्या आत मात्र तेल चेंबरपेक्षा अधिक तापते आणि प्रचंड वेगाने घुसळले जाते. त्यासाठी १५० अंशांवर वेगळी चाचणी करतात. तिच्यात ३० ग्रेडच्या तेलाला किमान २.९ आणि १०डब्ल्यू-४० ला किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद लागतात. हा आकडा सहसा डब्यावर छापलेला नसतो. कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात तो सापडतो. माझ्या मते तुझ्या निवडीत त्याच्याइतके महत्त्व दुसऱ्या कशालाच नाही. चारच्या आसपास असेल तर उत्तम.

एकाच ग्रेडच्या दोन तेलांत या आकड्याचा फरक का पडतो, हेही समजून घे. मल्टिग्रेड तेलात गरम झाल्यावरही दाटपणा टिकावा म्हणून पॉलिमर घालतात आणि उच्च आरपीएमवर त्याच्या लांब साखळ्या हळूहळू तुटत जातात. मग डब्यावर ४० लिहिलेले तेल प्रत्यक्षात ३० सारखे वागू लागते. पीएओ किंवा एस्टर या कृत्रिम द्रवांच्या पायावर बनवलेल्या तेलाला पॉलिमर कमी लागतो. बाजारात ‘फुल्ली सिंथेटिक’ म्हणून विकले जाणारे पुष्कळसे तेल खनिज तेलावरच अधिक प्रक्रिया करून बनवलेले असते. ते रस्त्यासाठी चांगलेच आहे, पण दोन्ही एक समजू नकोस. एस्टरचे रेणू धातूला चिकटून राहतात. आपल्या एरंडेलाचाही तोच गुण, म्हणूनच एके काळी शर्यतीच्या इंजिनांत एरंडेल घालत असत आणि कॅस्ट्रॉल हे नावही इंग्रजी ‘कॅस्टर’वरूनच आले. एरंडेल तापून चिकट राळ धरते. आजच्या कृत्रिम एस्टरमध्ये तो दोष बराच कमी आहे. १९७१ पासून चालत आलेले मोटुल ३००व्ही हे तेल याच घराण्यातले.

‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतल्या वर्तनाचा आहे. ० डब्ल्यूची थंड स्टार्टची चाचणी उणे ३५ अंशांवर होते. पुणे किंवा चेन्नईला त्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. १०डब्ल्यू पुरेसे आहे.

मग सरळ १५डब्ल्यू-५० किंवा ६० ग्रेड का घालू नये, असे तू विचारशील. गरजेपेक्षा दाट तेल घर्षणात ताकद खाते, स्वतःच अधिक तापते आणि थंड असताना पंपाच्या रिलीफ व्हॉल्व्हमधून (जादा दाब सोडणाऱ्या झडपेतून) बरेचसे परत फिरते. दाब मात्र पुरेसा राहिलाच पाहिजे, कारण तुझ्या इंजिनात तेल केवळ वंगण नाही. व्हीटेकमध्ये रॉकर आर्म (व्हॉल्व्ह उघडणारे हात) एकमेकांना जोडणारी पिन तेलाच्या दाबानेच सरकते; दाब कमी पडला तर व्हॉल्व्ह जास्त उघडणारा उंच लिफ्टचा कॅम लागतच नाही आणि सरळ पट्ट्यावर गाडी मरगळते. पिनकडे हे तेल सोडणाऱ्या सोलेनॉइडखालची (विजेवर चालणाऱ्या झडपेखालची) बारीक जाळी काढून साफ कर आणि तिथले गॅस्केट नवीन बसव.

तेव्हा सुरुवात एस्टरयुक्त १०डब्ल्यू-४० ने कर. तापमान १३० च्या वर टिकून राहिले तर आधी कूलर बसव, मग ग्रेड बदलण्याचा विचार कर. ५० ग्रेड मी फक्त गरम इंजिनात दाब कमी पडत असेल तरच घालीन.

आणखी एक गोष्ट कोणत्याही तेलाने सुटणारी नाही. लांब वळणावर चेंबरमधले तेल एका बाजूला सरकते, पिकअप (तेल ओढणारी नळी) उघडा पडतो, पंप हवा ओढतो आणि क्षणभरात बेअरिंग कोरडे होते. म्हणून चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या वेल्ड करून घे आणि पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर ठेव. त्याहून फार वर नको, कारण क्रँक तेल घुसळून फेस करतो. दाब आणि तापमान दाखवणारे दोन मीटर मात्र बसवच. गरम तेलावर दर हजार आरपीएमला १० पीएसआय दाब हवा, असा जुना ठोकताळा आहे.

प्रत्येक शर्यतीनंतर तेल आणि फिल्टर बदल. जुना फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उन्हात पसरून बघ: लोहचुंबकाला चिकटणारे कण लोखंडाचे, न चिकटणारी चंदेरी किंवा तांबूस चमक बहुधा बेअरिंगची. अशी चमक दिसली तर इंजिन खोलल्याशिवाय गाडी पुन्हा ट्रॅकवर नेऊ नकोस. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त आहे आणि तेल पातळ होत आहे, असे समज. हे शर्यतीचे तेल भरून रोज ऑफिसला जाऊ नकोस. त्यातल्या जस्त-फॉस्फरसच्या जादा मात्रेने धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो.

पहिल्या सरावानंतर वेगवेगळ्या आरपीएमवरचा दाब आणि प्रत्येक सत्राअखेरचे तापमान लिहून पाठव. ते आकडे पाहून पुढचे ठरवू. वहिनींना नमस्कार सांग. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
अनिरुद्ध