वृद्धाश्रमात रात्री कूस कोण बदलते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की चाकरमानी गावी येतात आणि कोकणातल्या वृद्धाश्रमांत फळवाटप, गोडाची जेवणे सुरू होतात. ती जरूर व्हावीत. पण ज्यांचे आईवडील तिथे आहेत त्यांनी पडवीतल्या खुर्च्यांपाशी न थांबता आतल्या खोलीत, अंथरुणाला खिळलेल्यांपाशी जावे, ही कळकळीची विनंती. हेळसांड तिथे होते आणि ती अंगावर दिसते.

माकडहाड, खुबे आणि टाचा उघडून पाहाव्यात. लाल डाग बोटाने दाबून सोडला तरी फिका पडत नसेल, तर बेडसोअर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, सुरू झाला. ती जागा चोळू नये आणि खाली रबरी रिंगही ठेवू नये. रिंगच्या कडेने उरलासुरला रक्तपुरवठा दाबला जातो. उपाय एकच, दर दोन तासांनी कूस बदलणे. पूर्ण कुशीवर न वळवता पाठीला उशी लावून साधारण ३० अंश कलते ठेवावे, टाचा अधांतरी राहाव्यात म्हणून पोटऱ्यांखाली उशी द्यावी. वर सरकवताना ओढू नये, त्याने कातडी सोलवटते, चादरीसकट उचलावे. उचलायला दोघी लागतात. दहा खिळलेल्या माणसांची कूस आणि डायपर बदलायचे, तर एका फेरीला तास सहज जातो. रात्रपाळीला एकच मावशी असेल, तर तिने कितीही जीव तोडला तरी हे होणार नाही. म्हणून देणगी द्यायचीच असेल, तर दुसऱ्या मावशीच्या पगारासाठी द्यावी.

पावसाळ्यात हाल वाढतात. चादरी वाळत नाहीत, दमट चादरीवर कातडी भिजून मऊ पडते, जांघेत बुरशी येते. वीज गेली की हवेच्या गादीचा पंप थांबतो, गादी बसते आणि माणूस थेट फळीवर येतो. या पंपाला वीज अगदी थोडी लागते. तो इन्व्हर्टरवर घ्यावा आणि खाली चार इंची फोमची गादी कायम ठेवावी.

पाण्याचे दुखणे याहून वाईट. उतारवयात तहान कमी लागते, त्यात डायपर कमी बदलावे लागावेत म्हणून काही ठिकाणी संध्याकाळनंतर पाणीच दिले जात नाही. मग बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग आणि त्यातून अचानक भ्रम. त्याला ‘म्हातारचळ’ म्हणून झोपेची गोळी दिली की हालचाल थांबते आणि जखम चिघळते. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर दिवसाला सुमारे दीड लिटर पाणी व पातळ पदार्थ पोटात जायला हवेत. नुसत्या तांदळाच्या पेजेवर जखम भरत नाही. पेजेत मूगडाळ घालावी, जोडीला अंडे किंवा काटे काढलेली मासळी द्यावी. भरवताना बसते करावे आणि नंतर अर्धा तास आडवे करू नये, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाते.

प्रत्येक खाटेपाशी कूस बदलल्याची वेळ, पाणी, शौच आणि महिन्याचे वजन यांचा तक्ता हवा. महिन्यात वजन ५ टक्क्यांनी घटले, तर डॉक्टर बोलवायलाच हवा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यातील कलम १९ नुसार वृद्धाश्रमांतील सेवांचा दर्जा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. त्या दर्जात हा तक्ता आणि रात्रपाळीचे मनुष्यबळ यावे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या समाजकल्याण विभागांनी सरकारी रुग्णालयातील परिचारिकेला सोबत घेऊन, न कळवता, रात्री तपासणी करावी.

तक्रारीसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. फोन करताना संस्थेचा पत्ता, जखम अंगावर कुठे आहे, केवढी आहे आणि कधीपासून दिसते, हे नेमके सांगावे.

– ज्येष्ठांच्या शुश्रूषेतील परिचारिका, रत्नागिरी