आधी अंदाज, मग स्लायडर

संपादक महोदय,

'फेट' (PhET) या विज्ञानाच्या संकेतस्थळावरचे दोलकाचे सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरचा आभासी प्रयोग, शिक्षकानेच पडद्यावर फिरवून दाखवले, तर विद्यार्थी नुसते बघत बसतात. आधी वहीत अंदाज लिहून घ्यावा: वस्तुमान दुप्पट केले तर दोलनकाल, म्हणजे एका पूर्ण दोलनाचा वेळ, वाढेल का? मग घर्षण शून्य, लांबी १ मीटर, कोन १० अंश ठेवून दहा दोलनांचा वेळ मोजू द्यावा. तो सुमारे २० सेकंद येतो. लांबी पाव मीटर केली की निम्मा होतो; वस्तुमानाने बदलतच नाही! कोन ६० अंशांवर नेला, तर मात्र सुमारे ७ टक्के वाढतो, कारण दोलनकालाचे नेहमीचे सूत्र लहान कोनांपुरतेच आहे. स्लायडर, म्हणजे मूल्य बदलण्याची पडद्यावरची सरकपट्टी, एका वेळी एकच हलवावा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. त्याच आठवड्यात खरा दोलकही टांगावा. स्टॉपवॉच दाबताना होणारा उशीर तिथेच कळतो.

— एक भौतिकशास्त्र शिक्षक