लायसन मागा, पण कॅम्पही लावा

महोदय,

ऊस हंगाम लागला की माजलगाव-तेलगाव रस्त्यावर रात्री दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसतात. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. एका पोराला लायसन विचारलं, तर म्हणतो, ‘घटनेनं फिरायचा हक्क दिलाय, काका!’ दिलाय की. पण त्याच कलम १९ मध्ये वाजवी निर्बंधांचीही तरतूद आहे. पायी जा, एसटीनं जा, बैलगाडी जुंपा. कुणी लायसन मागत नाही. इंजिन चालू करून सार्वजनिक रस्त्यावर आलात, की १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ३ लागू होतं. ट्रॅक्टरलाही. अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. (मीही ट्रॅक्टरमालकच, गावात शिव्या खाणार, ठाऊक आहे.)

मात्र शिकाऊ लायसन मोबाइलवर निघतं, पक्क्याच्या चाचणीला मजुरी बुडवून जावं लागतं आणि तिथं एजंट उभाच. गाळपाआधी कारखान्यांच्या गव्हाणीजवळच चाचणीचे कॅम्प लावावेत. ट्रॉल्यांचे दिवेही तिथंच तपासता येतील.

— एक ट्रॅक्टरमालक शेतकरी, ता. माजलगाव, जि. बीड